ट्रॉलीला नवे टायर घ्यायचेत? आधी काट्यावर जा

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना, संध्याकाळचे साडेसात वाजलेले. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन आमचा ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे निघाला होता. ओढ्यावरचा पूल ओलांडून चढाला लागतोय तोच मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला. आवाज इतका मोठा की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली. ट्रॉली डावीकडं कलली, कडेच्या चरीत गेली आणि मोळ्या साइडपट्टीवर ओतल्यासारख्या पसरल्या. थोड्याच वेळापूर्वी त्याच कडेनं ऊसतोड टोळीतल्या दोन बायका डोक्यावर वाढ्याचे भारे घेऊन गेल्या होत्या. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तो टायर बाहेरून नवा दिसत होता. नक्षी खोल होती, कुठं कापलेला नव्हता, बसवून जेमतेम दीड हंगाम झालेला. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या चाचांनी तो उलटा केला, बाजूवरची माती अंगठ्यानं पुसली आणि लंबगोल चौकटीतले चार आकडे मला दाखवले. म्हणाले, "मालक, ह्यो टायर गाडीला चढला तवाच म्हातारा हुता." आम्ही विकत घेतला तेव्हा त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. दुकानदारानं नवा कोरा म्हणून दिला आणि मी फक्त भाव करून घरी आणला. चार आकडे वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तेव्हापासून टायर घेण्याची एक पद्धत मी स्वतःला लावून घेतली आहे. ती इथं सविस्तर मांडतो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले भागात निम्म्या गावाकडं ट्रॉली आहे. उसाला, शेणखताला, विटांना, गुळाच्या रव्यांना तीच. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरबद्दल सगळे बोलतात, पण ओझं जी चाकं उचलतात त्यांच्याकडं लक्ष जातं ते फुटल्यावरच.

जुना टायर टाकायच्या आधी वाचा

टायर बदलायचा ठरला की तो काढून लगेच भंगारात देऊ नका. ट्रॉलीत काय बिघडलं आहे ते तोच सांगतो. ट्रॉली सपाट जागेवर उभी करा, चाकाला दगड लावा आणि चारही टायरवरून आडवा तळहात फिरवा.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधली नक्षी शिल्लक आहे, तर तो टायर कायम कमी हवेवर पळाला आहे. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल तर दोष टायरचा नाही. आक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, वाकला आहे, चाकाच्या मधल्या हबचं बेअरिंग सैल आहे किंवा एका बाजूचा कमानपाटा बसला आहे. तळहात एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखा खरखरीत लागला तर चाक सरळ चालत नाही, फरफटत चाललं आहे असं समजा. अशा ट्रॉलीला तुम्ही कितीही भारी टायर घाला, तो याच वाटेनं जाणार. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखड झाली तर आधी बेअरिंग, मग टायर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या लेथवाल्याकडं आक्सल तपासून घ्यायला लागणारा खर्च एका टायरच्या किमतीपुढं फार नाही.

मग बाजू बघा. बारीक बारीक भेगा, कुठं आवळ्याएवढा फुगा, कुठं आतले धागे दिसतात का. फुगा म्हणजे आतला नायलॉनचा थर तुटला आहे आणि रबर एकटं हवा धरून आहे. तो टायर त्याच दिवशी उतरवायचा, एक खेपही पुढं नाही. नक्षीचं म्हणाल तर मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी-तीनचाकी सोडून बाकी वाहनांना किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण आपल्या ट्रॉल्या वर्षातले पाच महिने पळतात आणि सात महिने उभ्या असतात. त्यामुळं आपले टायर झिजून कमी आणि वयानं जास्त मरतात. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, हा हिशोब ट्रॉलीला लागू पडत नाही.

काटा

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि सगळ्यात कमी लोक करतात. दुकानात जाऊन "मागं होता तसलाच द्या" म्हणायच्या आधी आपल्या एका चाकावर किती किलो पडतात हे माहीत पाहिजे. आपल्याकडं प्रत्येक खेपेला ट्रॉली काट्यावर चढते, पावती मिळते, तरी चाकावरचं वजन कुणालाच माहीत नसतं. कारण पावतीवर उसाचं वजन असतं, चाकाचं नसतं.

हंगामात कारखान्याच्या काट्यावर मागं रांग लागलेली असते, तिथं हे प्रयोग करता येत नाहीत. एखाद्या दुपारी भरलेली ट्रॉली घेऊन खासगी वजनकाट्यावर जा आणि त्याला सांगा की तीन-चार वजनं करायची आहेत. पहिल्यांदा ट्रॉलीचं फक्त मागचं आक्सल काट्यावर घ्या, ट्रॅक्टर आणि पुढचं आक्सल बाहेर. नंतर ट्रॉलीची दोन्ही आक्सलं घ्या, ट्रॅक्टर बाहेर. वजाबाकी केली की पुढच्या आक्सलचं वजन निघतं. काट्याच्या कडेची जमीन सपाट असेल तर फक्त डाव्या बाजूची चाकं काट्यावर घेऊन तेही वजन बघा. उसाची मोळी हातानं रचली जाते; दोन्ही बाजू सारख्या कधीच नसतात.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरतो. चार चाकी ट्रॉली, रिकामी २ टन, वर ६ टन ऊस, एकूण ८,००० किलो. काट्यानं सांगितलं की पुढच्या आक्सलवर ३,६०० आणि मागच्यावर ४,४०० आहेत. टायर निवडताना सरासरी धरायची नाही, जास्त भाराचं आक्सल धरायचं. ४,४०० भागिले दोन चाकं, म्हणजे एका चाकावर २,२०० किलो. डावं-उजवं सारखं नसतं म्हणून १० टक्के वाढवा, झाले २,४२०. पाणंदीच्या खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा क्षणभर भार कितीतरी वाढतो, म्हणून वर आणखी १५ टक्के हात राखून ठेवा. झाले सुमारे २,७८० किलो. म्हणजे या ट्रॉलीला प्रत्येक चाकाला निदान २,८०० किलो पेलणारा टायर पाहिजे. याच ट्रॉलीला सरासरी काढून कुणी २,००० किलोचा टायर बसवला असता तर कागदावर ८ टन बरोबर बसले असते आणि मागची दोन्ही चाकं पहिल्या खेपेपासून जास्त ओझ्याखाली पळाली असती. आमचं नेमकं हेच झालं होतं. जुना टायर, त्यावर मागच्या आक्सलचा जादा भार, त्यात हवा कमी. तिन्ही एकत्र आले.

दोन चाकी ट्रॉलीचं गणित थोडं वेगळं आहे. तिथं भाराचा काही भाग हुकावरून ट्रॅक्टरवर जातो. तरी चाकाचं वजन काट्यावरच बघा, अंदाजानं वजा करू नका. मोळ्या मागं जास्त रचल्या तर हुकावरचा भार कमी होऊन सगळा चाकांवर येतो.

एक गोष्ट इथंच सांगतो. भारी टायर घातला म्हणून ट्रॉली जास्त ओझ्याची होत नाही. आक्सल, पाटे, हुक आणि चेसिस तेच राहतात, आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेलं वजनही तेच. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. टायर आपण सुरक्षेचा हात राखण्यासाठी मोठा घेतो, दोन मोळ्या जास्त टाकण्यासाठी नव्हे. हे मी ड्रायव्हरपेक्षा मालकांना सांगतो आहे, कारण खेपा वाचवायचा हट्ट बहुतेक वेळा मालकाचा असतो.

टायरच्या अंगावरचं लिखाण

टायरच्या बाजूवरचे आकडे इंग्रजीत असतात, पण अवघड नाहीत. आपल्या ट्रॉल्यांना ७.५०-१६, ९.००-१६, ९.००-२० अशी मापं दिसतात. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चाकाचा, व्यास इंचात. दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ असेल तर टायर नायलॉनचा, एकमेकांना तिरकं छेदणाऱ्या थरांचा. रेघेच्या जागी इंग्रजी आर असेल तर रेडियल.

पुढं १४ पीआर, १६ पीआर, १८ पीआर असं असतं. याला आपण प्लाय म्हणतो. १६ पीआर म्हणजे आत मोजून १६ थर आहेत असं नाही. पूर्वी सुती धाग्याच्या इतक्या थरांना जी ताकद असायची ती या टायरला आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकाच मापात प्लाय वाढला की टायर जास्त हवा धरतो आणि जास्त भार पेलतो. दुकानात ९.००-१६ मागितला आणि भाव कमी निघाला तर पहिल्यांदा प्लाय बघा. बऱ्याचदा स्वस्ताईचं कारण तिथंच सापडतं.

काही टायरवर प्लायबरोबर किंवा त्याऐवजी भाराचा अंक आणि वेगाचं अक्षर असतं. भाराच्या अंकाचा तक्ता ठरलेला आहे: १३६ म्हणजे २,२४० किलो, १४० म्हणजे २,५००, १४४ म्हणजे २,८०० आणि १४६ म्हणजे ३,००० किलो. वरच्या हिशोबातल्या ट्रॉलीला १४४ किंवा त्याच्या वरचा अंक लागेल. वेगाच्या खुणेत ए-८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर, बी म्हणजे ५०, एफ म्हणजे ८०. छापलेला भार त्या वेगापुरता असतो. ए-८ खुणेचा टायर रिकामी ट्रॉली घेऊन महामार्गावर सुसाट पळवण्यासाठी नाही. कारखान्यावरून परतताना शिरोली ते कागलच्या रस्त्यावर रिकाम्या ट्रॉल्या ज्या वेगानं उड्या मारत जातात ते बघून माझा जीव घाबरतो.

याखेरीज बाजूवर जास्तीत जास्त भार किलोत आणि त्यासाठी लागणारी हवा छापलेली असते. दुकानात उभं राहून ही ओळ शोधा आणि काट्याच्या कागदाशी ताडून बघा. आयएसआयची खूणही बघा.

बैलगाडीच्या टायरबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. आपल्याकडं उसाच्या टायरगाड्यांना ७.००-१९, ८.००-१९ असे टायर असतात. त्यांवर एडीव्ही अशी खूण असते, म्हणजे जनावरांनी ओढायच्या गाडीसाठी. बैलाच्या चालीनं ते वर्षानुवर्षं टिकतात. आता बैल कमी झाले आणि त्याच गाड्या, ज्यांना अंगद वगैरे म्हणतात, ट्रॅक्टरमागं तीन-चार जोडून ओढल्या जातात. चाल बदलली, टायर तोच राहिला. ट्रॅक्टरमागं गाडी लावायची असेल तर ट्रेलरसाठीचाच टायर घ्या, आणि तोपर्यंत बैलाच्या चालीच्या जवळपास राहा.

नायलॉन की रेडियल

रेडियल टायर कमी तापतो, हलका ओढतो, डिझेल वाचवतो. डांबरी रस्त्यावर रोज लांबचा पल्ला मारणाऱ्या ट्रॉलीला तो परवडतो. पण त्याची बाजू लवचीक आणि पातळ असते. आपल्या ट्रॉलीचं अर्धं आयुष्य फडात आणि पाणंदीत जातं. फडात तोडलेल्या उसाचे बुडखे जमिनीतून तिरके वर आलेले असतात. कोयत्यानं तिरका काप बसलेला बुडखा वाळला की भाल्याच्या टोकासारखा होतो. पाणंदीत दोन्ही बाजूंना बांधाचे दगड असतात, बाजू घासतेच. अशा ठिकाणी नायलॉनची जाड बाजू जास्त मार सोसते. शाहूवाडी, राधानगरीकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर तर मी दुसरा विचारच करणार नाही. शिरोळच्या काळ्या रानातून निघून थेट डांबरीला लागणाऱ्यानं रेडियलचा विचार जरूर करावा. पण एका ट्रॉलीवर दोन्ही जाती मिसळू नका. एकाच आक्सलवर तर कधीच नाही, कारण दोन्हींची दबण्याची आणि वळण्याची रीत वेगळी आहे.

नक्षी निवडताना लोक एक चूक नेहमी करतात. ट्रॅक्टरसारखी खोल, मोठ्या गोट्यांची नक्षी ट्रॉलीला चांगली, असं त्यांना वाटतं. ट्रॅक्टरचं चाक जमीन रेटतं, त्याला पकड पाहिजे. ट्रॉलीचं चाक नुसतं ओढत जातं. त्याला सरळ उभ्या रेघांची, ज्याला रिब म्हणतात ती नक्षी योग्य. ती हलकी चालते, चिखल धरत नाही, दगड अडकवत नाही आणि ट्रॉली सरळ धावते. गोट्यांच्या टायरनं डिझेल जातं आणि फडातला सगळा चिखल डांबरी रस्त्यावर येऊन पडतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्या चिखलाची किंमत मोजावी लागते.

दुकानात काय बघायचं

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, झाला की मी ट्रॉली तपासायला काढतो आणि गणपतीच्या आत टायर घेऊन टाकतो. दसऱ्यानंतर सगळ्यांनाच घाई होते, धुराडं पेटायच्या तोंडावर दुकानात जो माल आहे तोच गळ्यात पडतो. घाईच्या वेळी जुना माल खपवला जातो, हे मी अनुभवानं सांगतो.

तारीख वाचायची रीत सोपी आहे. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टअखेरीस बनलेला. हा आकडा बऱ्याचदा एकाच बाजूवर असतो, म्हणून टायर फिरवून दोन्ही बाजू बघा. दुकानदाराला "मोबाइलची बॅटरी लावतो, जरा थांबा" म्हणायला लाजू नका. चारही टायरचे आकडे वाचा, फक्त वरच्या एकाचे नव्हे. थप्पीत एखादा जुना मिसळलेला असतो. माझा नियम असा: विकत घेताना एक वर्षाच्या आतला, आणि ओझ्याच्या ट्रॉलीवर सहा-सात वर्षांच्या पुढं कितीही नक्षी असली तरी ठेवायचा नाही. पाच वर्षं झाली की दर हंगामाला तो उतरवून आतून-बाहेरून बघायचा.

टायर कसा ठेवला होता तेही बघा. दारात उन्हात मांडलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ ठेवलेला टायर नको. नव्या टायरच्या कडेची तार, जिला बीड म्हणतात, ती हात फिरवून बघा. कुठं वाकलेली किंवा उघडी पडलेली असेल तर परत द्या.

बिलावर माप, प्लाय आणि टायरचा क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर पुढं वॉरंटीचं बोलणंच होत नाही. फुटलेल्या टायरचं बिल मला दाखवता आलं नाही, कारण आम्ही कच्च्या पावतीवर आणला होता.

सगळे चार बदलणं परवडत नसेल तर निदान एका आक्सलचे दोन एकत्र बदला आणि ते जास्त भाराच्या आक्सलला, बहुतेक वेळा मागच्याला, बसवा. तिथले बरे असलेले पुढं घ्या. एका आक्सलवर एक नवा एक झिजका घातला की उंचीत फरक पडतो आणि उंच चाकावर जास्त भार येतो. नवा असून तोच आधी जातो.

रिमोल्ड आणि ट्रकचे उतरवलेले टायर

इथं मी थोडा कडक आहे. ट्रकवरून उतरवलेले जुने टायर तावडे हॉटेलच्या आसपासच्या महामार्गावर, गावागावांत सहज मिळतात आणि ट्रॉलीला चालून जातात असा समज आहे. त्या टायरनं आधी काय सोसलं, किती तापला, कितीदा जादा भार उचलला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शेणखत, माती आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या हलक्या ट्रॉलीला, तारीख आणि आतली बाजू बघून, मी त्याला हरकत घेणार नाही. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर जायला मी तो वापरणार नाही.

रिमोल्डचंही, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्याचंही, तसंच. स्वतःचाच टायर, ज्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, बाजू शाबूत आहे, वय कमी आहे, तो चांगल्या ठिकाणी देऊन एकदा रिमोल्ड करून घेणं समजू शकतो. बसवताना तो कमी भाराच्या आक्सलला. पण कुणाचा तरी तयार रिमोल्ड उचलून आणणं म्हणजे आतलं न बघता बाहेरच्या नक्षीचे पैसे देणं. रिमोल्ड हातात घ्यायचाच तर आतून बघा: ठिगळ किती, आतला थर कुठं सुटलेला आहे का, दाबल्यावर पोकळ वाटतो का. नक्षी आणि जुना टायर जिथं जोडले जातात तिथं नख जात असेल तर तो बाजूला ठेवा.

बसवताना

माप बदलताना डिस्क बघा. ७.५०-१६ आणि ९.००-१६ दोन्ही १६ इंचाच्याच डिस्कवर बसतात, म्हणून जुन्याच डिस्कवर मोठा टायर चढवायचा मोह होतो. पण दोन्हींना डिस्कची रुंदी वेगवेगळी लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर घातला की बाजू आवळली जाते, तो मधून फुगतो आणि वळणावर डुलतो. डिस्कचं माप डिस्कवरच खोदलेलं असतं. गंज खरवडून वाचा. मोठ्या टायरनं ट्रॉली उंच होते, हुकाची पातळी बदलते आणि पूर्ण भारात पाटे दबल्यावर टायर बॉडीला घासतो का तेही बघावं लागतं. नटांची भोकं लांबट झालेली किंवा भोकाशी चीर गेलेली डिस्क वेल्डिंग करून परत वापरू नका.

नव्या टायरला ट्यूब नवीच घाला आणि फ्लॅपही, म्हणजे ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि त्या घडीवर ती कातरली जाते. एवढ्या मोठ्या खर्चात ट्यूबचे पैसे वाचवून काही साधत नाही. ट्यूबवरचं माप टायरच्या मापाशी जुळलं पाहिजे. आतली डिस्क घासून, गंज काढून, रंगाचा पातळ हात दिलेला असावा. टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावायचं, ऑइल किंवा ग्रीस नाही. ते रबर खातं आणि टायर डिस्कवर फिरतो. टायर फिरला की ट्यूबचा वॉल्व मुळातून तुटतो.

टायर अडकवून धरणारी सुटी रिंग असलेल्या डिस्कबद्दल हात जोडून सांगतो. २० इंची टायरला बहुतेक अशाच डिस्क असतात. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी सुटते. त्यात माणसं दगावली आहेत. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजरा नसेल तर जाड साखळी गुंडाळायची, नळी लांब घ्यायची आणि समोर न राहता बाजूला उभं राहायचं. हातोडीनं रिंग ठोकायची ती हवा भरण्याआधी. हवा असताना ठोकायची नाही. दुकानातला पोरगा वाकून बघत असेल तर त्याला मागं ओढा.

नट समोरासमोरचे आवळायचे, एकामागून एक गोल नव्हे. नवा टायर बसवल्यावर पहिली भरलेली खेप झाली की नट परत आवळा. रंग, गंज, धूळ दबून जाते आणि नट सैल होतात. चाक निसटून जाण्याचे बरेच प्रकार या एका विसरण्यातून होतात.

हवा

टायर कितीही चांगला घ्या, त्याचा भार हवा पेलते. कमी हवेत बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, आतला नायलॉन घासून तापतो, थर सुटतात आणि मग एका चढावर तो जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. जाड प्लायचा टायर निम्म्या हवेवरही उभा दिसतो, म्हणून लाथ मारून किंवा पहारीनं ठोकून हवा कळत नाही. मीटर घ्या, स्वतःचा घ्या आणि टूलबॉक्समध्ये ठेवा.

हवा सकाळी, पहिल्या खेपेच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. पळून आल्यावर दाब वाढलेला दिसतो. तो वाढणारच. गरम टायरची हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि पुढच्या खेपेला टायर अधिक तापतो. बाजूवर छापलेला दाब छापलेल्या पूर्ण भारासाठी असतो. उसाच्या हंगामात मी तोच ठेवतो. हंगाम संपून रिकामी फिरते तेव्हा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे थोडी कमी करतो, नाहीतर ट्रॉली उड्या मारते. आठवड्यातून एकदा मोजणं पुरेसं आहे, पण एक टायर दर आठवड्याला चार-पाच पौंड उतरत असेल तर भरत बसू नका. तो उतरवून बघा, उसाचा तुकडा आत शिरलेला असतो. वॉल्वची टोपी हरवू देऊ नका. फडातली माती आत गेली की हवा हळूहळू झिरपते.

स्टेपनी एक तरी तयार, हवा भरून ट्रॉलीला बांधलेली असू द्या. सोबत जॅकखाली घालायला बाभळीची जाड फळी, कारण काळ्या रानात जॅक टायर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. आणि चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावरून उचला. अंधारात त्या दगडांवर पडलेला माणूस मी उचलून दवाखान्यात नेला आहे.

हंगाम संपल्यावर

शेवटची खेप झाली की ट्रॉली धुवा, टायरच्या खोबणीतले खडे टोकदार खिळ्यानं काढा. रस, मळी लागलेली असेल ती साध्या पाण्यानं जाते. डिझेल लावू नका. आक्सलाखाली लाकडाचे ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून उचलून ठेवा. महिनोन्‌महिने एकाच जागी भार घेऊन उभा राहिलेला टायर त्या जागी चपटा होतो आणि बाजूला भेगा पडतात. वर पोती किंवा जुनी ताडपत्री टाका, ऊन लागू देऊ नका. आमच्या भागात ट्रॉली पावसाळ्यात गोठ्यामागं उभी असते आणि पंचगंगेचं पाणी आलं की चाकं बुडतात. पाणी ओसरल्यावर हब उघडून बेअरिंगला नवं ग्रीस भरल्याशिवाय ती पुन्हा रस्त्यावर आणू नका.

आमच्या ट्रॉलीच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला आता पांढऱ्या ऑइलपेंटनं चार ओळी लिहिल्या आहेत. प्रत्येक चाकाची एक ओळ: टायरची तारीख, प्लाय, थंड असतानाची हवा. कुणीही ड्रायव्हर आला, शेजाऱ्यानं ट्रॉली मागून नेली, तरी फाळका उघडला की समोर दिसतं. यंदाच्या बेंदराला तिसरी ओळ खोडून नवी लिहायची आहे.